तीस नमुन्यांचं बजेट : एका प्लेटिंग कारखान्यातली पाणी-तपासणी

पार्श्वभूमी

धातूवर मुलामा चढवणारा मध्यम आकाराचा कारखाना. क्रोम आणि निकेलच्या लाइन चालू, झिंकची लाइन बंद पडून बरीच वर्षं झालेली. आवारात तीन बोअर. पुढची वापरात होती, मागची जुन्या झिंक शेडजवळ पडून होती आणि तिसरी बागेसाठी कधीतरी मारलेली. पूर्वेच्या कुंपणाला लागून नाला. दक्षिणेला शेतं आणि मागच्या बोअरपासून सुमारे २२० मीटरवर एक उघडी विहीर. ओळख पटू नये म्हणून जागेचे काही तपशील बदलले आहेत.

तक्रार विहिरीच्या मालकाची होती. सकाळी पंप चालू केला की पहिलं पाणी पिवळं येतं, असं ते सांगत होते. क्रोमचा कारखाना शेजारी आणि पाणी पिवळं, त्यामुळे गावात निकाल लागून गेला होता. कारखान्याकडे मात्र ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) आउटलेटचे दर महिन्याचे रिपोर्ट होते आणि सगळे स्वच्छ. ते नमुने नेहमी सकाळी अकराच्या सुमारास घेतलेले आहेत, हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले.

व्यवस्थापनाने मला सांगितलं ते एका वाक्यात : "सगळीकडचं पाणी तपासून घ्या आणि एक रिपोर्ट द्या."

हाती काय होतं

मी आणि एक नवा केमिस्ट, अशी दोन माणसं. पीएच आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) मोजणारा हातातला मीटर, पाणीपातळीची टेप, एक गाडी, आठ आठवडे. लॅबशी ३० नमुन्यांचं ठरलं होतं, प्रत्येक नमुन्यात सहापर्यंत घटक. लॅब पाच तासांच्या रस्त्यावर, दुपारी चारनंतर नमुने घेत नाही, शनिवार-रविवार बंद.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण आमचं अर्धं वेळापत्रक तिनेच ठरवलं. हेक्झाव्हॅलंट क्रोमचा (क्रोमचा विषारी, पाण्यात विरघळणारा प्रकार, थोडक्यात हेक्झा क्रोम) नमुना नुसता बर्फात ठेवला तर २४ तासांच्या आत तपासावा लागतो. बाकीच्या धातूंसाठी नायट्रिक ऍसिड टाकून पीएच २ च्या खाली आणला की सहा महिने चिंता नाही. म्हणजे एकाच जागेवरच्या दोन बाटल्यांपैकी एक निवांत असते आणि दुसरीच्या मागे घड्याळ लागलेलं असतं.

पहिला आराखडा, आणि तो का टाकून दिला

पहिला आराखडा मीच केला होता. नकाशावर बारा ठिपके, दोन फेऱ्या, चोवीस नमुने, वर सहा शिल्लक. दिसायला सुंदर. बैठकीत सगळ्यांना आवडला, कारण त्यात प्रत्येकाची जागा होती. मॅनेजरना कॅंटीनचा नळ हवा होता, तो होता. सुरक्षा अधिकाऱ्यांना फायर टँक हवा होता, तोही होता.

घरी येऊन प्रत्येक ठिपक्यापुढे एक रकाना आखला : हा आकडा वाईट आला तर आपण काय करू? चांगला आला तर काय करू? बारापैकी सात ठिकाणी दोन्ही उत्तरं एकच निघाली, काहीच नाही. फायर टँकमध्ये निकेल सापडलं असतं तरी कोणीही काहीही केलं नसतं.

मग प्रश्न नव्याने लिहून काढला. क्रोम बाहेर जातंय का? जात असेल तर आजच्या कामातून जातंय की जुनं साचलेलं झिरपतंय? विहिरीपर्यंत पोचतंय का? मधला प्रश्न सगळ्यात महागाचा होता, कारण दोन उत्तरांवरचे उपाय अगदी वेगळे. आजचं असेल तर ईटीपी सुधारायची. जुनं असेल तर ईटीपीवर कितीही खर्च केला तरी विहिरीला फरक पडणार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

ठिपक्यांचा आराखडा तसाच राबवणं हा एक पर्याय. वाद कमी झाले असते, पण उत्तर मिळालं नसतं.

दुसरा, चारच जागा धरून दर पंधरा दिवसांनी नमुने घेणं. कालानुसार बदल दिसला असता. पण कोणत्या चार, हे ठरवायला आमच्याकडे काही आधारच नव्हता.

तिसरा पर्याय नवी निरीक्षण बोअर मारण्याचा. एकाच बोअरमध्ये निम्म्याहून जास्त बजेट गेलं असतं, आणि भूजल कुठल्या दिशेला वाहतं हे माहीत नसताना बोअर मारणं म्हणजे अंधारात दगड भिरकावणं.

चौथा पर्याय निवडला. पहिले दोन आठवडे लॅबला एकही बाटली पाठवायची नाही. फक्त मीटर, टेप, पायपीट आणि माणसांशी बोलणं. त्यावरून जागा ठरवायच्या. मग १२ नमुन्यांची पहिली फेरी, ८ ची दुसरी, ४ डुप्लिकेट (त्याच जागेची दुसरी बाटली) आणि ब्लँकसाठी (आमच्याच हाताळणीतून काही मिसळतं का हे पाहायला शुद्ध पाण्याची बाटली), ६ राखीव. "दोन आठवडे रिपोर्टच नाही?" या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी होकार दिला तो पैसे खर्च होत नव्हते म्हणून.

घटकांच्या यादीलाही कात्री लावली. हेक्झा क्रोम, एकूण क्रोम, निकेल, झिंक एवढे सगळीकडे, बाकी दोन जागेनुसार. बोअरच्या पाण्यातून बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) काढून टाकला. केवळ छापील फॉर्मवर रकाना आहे म्हणून भूजलात बीओडी मोजणारे रिपोर्ट मी बरेच पाहिलेत. त्या पैशांत एखादी बाटली जास्त येते.

बिनलॅबचे दोन आठवडे

पहिलं काम पातळ्यांचं. भूजलाची दिशा काढायला किमान तीन ठिकाणची पातळी एकाच संदर्भाने लागते, आणि सर्व्हेअर परवडणारा नव्हता. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप आणली. गेटच्या खांबाची उंची १०० मीटर धरली आणि वीस-वीस मीटरच्या टप्प्यांनी तिन्ही बोअरच्या तोंडापर्यंत आणि विहिरीच्या काठापर्यंत गेलो. दीड दिवस लागला. नळीत बुडबुडा अडकला की दोन टप्पे मागे. परत खांबाशी येऊन हिशेब जुळवला तेव्हा २ सेंटिमीटरची चूक निघाली. आम्हाला मोजायचे फरक त्याच्या दहापट तरी होते, म्हणून चालवून घेतलं.

पहिल्यांदा पातळ्या बुधवारी घेतल्या आणि तिथे फसलो. पुढच्या बोअरमधली पातळी सगळ्यात खाली आली, म्हणजे सगळं भूजल कारखान्याच्या पुढच्या बाजूला येतंय असा बाण निघाला. मॅनेजर खूश. "म्हणजे आपलं पाणी बाहेर जातच नाही!" पण त्या बोअरचा पंप सकाळपासून चालू होता, आणि उपसा चालू असताना बोअरमधली पातळी आजूबाजूच्या जमिनीतली पातळी दाखवत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर, पंप तीसेक तास बंद असताना, पहाटे पुन्हा मोजलं. पुढची ९६.४२, बागेतली ९६.१०, मागची ९५.८७, विहीर ९४.९०. बाण आता सरळ दक्षिणेला, विहिरीकडे. जमिनीचा उतार पूर्वेला नाल्याकडे आहे, म्हणून भूजलही तिकडेच जात असणार असं तोवर सगळेच, मीही, धरून चाललो होतो.

दुसरं काम नाल्याचं. काठाने दर २५ मीटरवर कंडक्टिव्हिटी मोजत गेलो. ६००, ६१०, ६००, ६१५, आणि जुन्या शेडच्या मागे एकदम १४८०. पुढे पुन्हा हळूहळू उतरत गेली. त्या जागी काठावर एका झुडपाच्या मुळाशी दोन वितींचा ओलसर पट्टा होता. कोरड्या दिवसांतही ओला. माझ्या बारा ठिपक्यांत ही जागा नव्हती.

तिथे काय होतं हे कोणत्याच नकाशावर सापडेना. शेवटी निवृत्त झालेल्या एका सुपरवायझरना बोलावलं. ते आवारात शिरले आणि थेट गाड्यांच्या स्टँडवर जाऊन उभे राहिले. "मॅडम, हा खड्डा इथं होता. ईटीपी नव्हती तेव्हा झिंकचं आणि क्रोमचं, दोन्ही पाणी यातच सोडायचो. बारा वर्षं झाली, मुरूम टाकून बुजवला." झिंकचा बाथ (मुलाम्याचं द्रावण) सायनाइडचा होता हेही त्यांनीच सांगितलं. त्यावरून दोन जागी सायनाइडची बाटली वाढवली, तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकून पीएच १२ च्या वर ठेवला. सायनाइड सापडलं नाही. पण तपासलं नसतं तर "नाही" असं म्हणताही आलं नसतं.

आउटलेटवरची रात्र

तिसरं काम आउटलेटचं. सलग २६ तास, दर तासाला मीटर बुडवायचा, आळीपाळीने. रात्रभर काहीच झालं नाही. १९०० च्या आसपास आकडा, पीएच ८ च्या जवळ. पहाटे साडेपाचला केमिस्ट म्हणाला, "मॅडम, बॅटरी गेली वाटतं, आकडा पळतोय." बॅटरी ठीक होती. कंडक्टिव्हिटी ३४०० वर गेली होती आणि पीएच ५ च्या खाली आला होता. डब्याच्या पांढऱ्या झाकणात पाणी घेऊन टॉर्च मारला तर लिंबाच्या सालीसारखा रंग. तासाऐवजी दर दहा मिनिटांनी मोजायला लागलो. सातच्या सुमाराला सगळं पूर्ववत.

कारण शिफ्ट बदलताना समजलं. रात्रपाळी सुटण्याआधी रिन्सच्या (मुलाम्यानंतर माल विसळायच्या) टाक्या रिकाम्या करून जायची पद्धत होती. सगळं पाणी एकदम ईटीपीत यायचं. हेक्झा क्रोमचं ट्रायव्हॅलंटमध्ये, म्हणजे गाळात बसू शकणाऱ्या प्रकारात, रूपांतर करायला पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइट आणि पुरेसा वेळ लागतो. मगच पीएच ८-९ ला आणून ते गाळात बसवता येतं. लोंढा आला की पहिल्याच टाकीत वेळ मिळायचा नाही. न बदललेलं हेक्झा क्रोम, म्हणजे क्रोमेट, विरघळलेलंच राहतं आणि पुढच्या टाक्यांतून तसंच निघून जातं. अकरा वाजेपर्यंत सगळं निवळलेलं असायचं.

इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. लॅबकडून सल्ला आला की २४ तासांचा कंपोझिट (दिवसभर थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला) नमुना घ्या, एकाच बाटलीत काम होईल. मोह झाला, तीन नमुने वाचत होते. पण हिशेब केला. दीड तास ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि बाकी वेळ जवळपास शून्य, तर दिवसाची सरासरी येते ०.२५. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की ईटीपी थोडी कमी पडते, डोस वाढवा. पहाटेच्या टाक्यांपर्यंत कोणी पोचलंच नसतं. रोज किती किलो क्रोम जातं हे काढायचं असतं तर कंपोझिटच योग्य होता. आम्हाला कारण शोधायचं होतं. म्हणून चार वेगवेगळ्या वेळांचे चार सुटे नमुने.

लॅबच्या फेऱ्या, आणि दोन घोडचुका

पहिल्या फेरीचे १२ असे वाटले : तीन बोअर आणि विहीर मिळून चार, नाल्याचे वरचा, झिरपा (तोच ओलसर पट्टा) आणि खालचा असे तीन, आउटलेटचे चार, आणि कारखान्यात येणाऱ्या पाण्याचा एक.

पहिली चूक मागच्या बोअरवर झाली. १५ सेंटिमीटर व्यासाची बोअर, आत १८ मीटर पाणी, म्हणजे सुमारे ३२० लिटर. नियमाप्रमाणे तिप्पट पाणी उपसून नमुना घ्यायचा तर साडेनऊशे लिटर, आणि ते दूषित पाणी ठेवायचं कुठे? संथ उपसा हा पर्याय होता. छोट्या पंपाने मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी पाणी काढायचं आणि पीएच, कंडक्टिव्हिटी लागोपाठ तीनदा स्थिर आली की बाटली भरायची. पंप चार दिवसांनी मिळणार होता. मी थांबले नाही. दोरीला बेलर (बोअरमध्ये सोडायची नळीसारखी बादली) बांधून पाणी काढलं, वर्षानुवर्षं बसलेला गाळ ढवळला गेला, आणि ते गढूळ पाणी न गाळता ऍसिडच्या बाटलीत भरलं. ऍसिडने गाळातला धातूही विरघळवला. एकूण क्रोम आलं १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर. आकडा इतका मोठा की दुपारपर्यंत वरपर्यंत पोचला होता. पंप आल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा घेतला तेव्हा विरघळलेलं क्रोम ०.३४ निघालं. तेही थोडं नाही, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा ०.०५ आहे. पण १.९ आणि ०.३४ यांतला फरक समजावण्यात राखीवातले तीन नमुने गेले आणि माझी पतही थोडी गेली.

दुसरी चूक वेळेची. नाल्याचे तीन आणि विहिरीचा असे चार नमुने लॅबच्या दारात २७ तासांनी पोचले. लॅबने हेक्झा क्रोमच्या आकड्यापुढे शेरा मारला. चारही पुन्हा घ्यायला राखीव पुरत नव्हते. विहीर आणि झिरपा पुन्हा घेतले, नाल्याचे बाकी दोन शेऱ्यासकटच रिपोर्टात ठेवले.

ब्लँकचा एक फायदा सांगायलाच हवा. पहिल्या ब्लँकमध्ये झिंक निघालं. शोध घेतला तर आम्ही बाटल्या विसळायला वापरत होतो ती बादली जस्ताचा, म्हणजे झिंकचाच, मुलामा दिलेली होती. तो ब्लँक नसता तर नाल्यातल्या झिंकवर एक परिच्छेद लिहून बसले असते.

काय निघालं

आउटलेटला पहाटे हेक्झा क्रोम ४.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, अकरा वाजता लॅबला मोजता येतं त्याहूनही कमी. झिरप्यात ०.६. मागच्या बोअरमध्ये ०.३४. पुढच्या आणि बागेतल्या बोअरमध्ये काही नाही. विहिरीत ०.०२, म्हणजे मर्यादेच्या आत, पण शून्य नाही.

म्हणजे आजचंही होतं आणि जुनंही. विहिरीतलं कोणतं? पातळ्यांचा उतार २२० मीटरला ०.९७ मीटर. जमिनीची पारगम्यता (तिच्यातून पाणी किती सहज जातं ते) आम्ही मोजली नव्हती. दिवसाला १ ते ५ मीटर आणि सच्छिद्रता (जमिनीतल्या पोकळीचा वाटा) १० टक्के धरली, तर पाणी वर्षाला १६ ते ८० मीटर सरकतं. मागच्या बोअरपासून विहिरीपर्यंत ३ ते १४ वर्षं. क्रोमेट मातीला थोडंफार चिकटतं, म्हणून त्याला आणखी उशीर. बारा वर्षांपूर्वी बुजवलेला खड्डा या हिशेबात बसतो. रोज पहाटेचं पाणी नळीने नाल्यात जातं, विहिरीच्या वाटेवर नाही.

आणि पिवळा रंग? ०.०२ मिलिग्रॅम क्रोम डोळ्यांना दिसूच शकत नाही, रंग जाणवायला त्याच्या कितीतरी पट लागतं. शेवटचा राखीव नमुना विहिरीच्या पहिल्या पाण्यातल्या लोहासाठी खर्च केला. भरपूर निघालं. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी, आतून गंजलेला लोखंडी पाइप.

यावर बैठकीत लगेच सूर निघाला की तक्रारच खोटी होती. चुकीचं होतं ते रंगाचं कारण, तक्रार खोटी नव्हती. रिपोर्टात दोन वेगळी प्रकरणं केली आणि रंगाचं प्रकरण मुद्दाम दुसरं ठेवलं.

कृती आणि परिणाम

रिन्सच्या टाक्या आता एकदम सोडत नाहीत, आठ तासांत विभागून सोडतात. यासाठी एक पैसाही लागला नाही, पण रात्रपाळीच्या लोकांना सुट्टीच्या वेळेचा हिशेब नव्याने बसवून द्यावा लागला. क्रोमच्या टाकीवर ओआरपी मीटर (रूपांतर कुठवर आलंय ते दाखवणारा) बसला. रूपांतर पूर्ण झाल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दुसऱ्या फेरीत पहाटेचे दोन्ही नमुने ०.१ च्या खाली आले.

खड्डा उकरणं परवडणारं नव्हतं. त्याऐवजी मागच्या बोअरमधून सतत थोडा उपसा करून ते पाणी ईटीपीत घ्यायला सुरुवात झाली. वर्षभराने तिथला आकडा ०.३४ वरून ०.२१ वर आला. विहीर ०.०२ ते ०.०३ मध्ये आहे. मालकांना आकडे लेखी दिले, पिण्यासाठी वेगळं पाणी दिलं, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली.

वेगळं काय करता आलं असतं

हेक्झा क्रोमसाठी अमोनियम सल्फेटचं बफर जागेवर न्यायला हवं होतं. नमुना लगेच गाळून पीएच ९.३ ते ९.७ वर ठेवला की मुदत २४ तासांवरून २८ दिवसांवर जाते. लॅबला आधी एक फोन केला असता तर कळलं असतं. मी घटकांबद्दल आणि दरांबद्दल विचारलं, बाटलीबद्दल विचारलं नाही.

पंपासाठी चार दिवस थांबायला हवं होतं, याबद्दल वर लिहिलंच आहे. पारगम्यता मोजता आली असती. बोअरमध्ये बादलीभर पाणी एकदम ओतून पातळी किती वेळात उतरते ते टेपने पाहायचं, इतकं साधं काम. बिनलॅबच्या दोन आठवड्यांत ते सहज बसलं असतं आणि "३ ते १४ वर्षं" हा लाजिरवाणा रुंद पट्टा अरुंद झाला असता. विहिरीच्या पलीकडे, दक्षिणेला, एकही नमुना घेतला नाही. क्रोम विहिरीवर थांबलंय की पुढे गेलंय, हे आजही माहीत नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचतो तो लोहाचा नमुना. तो शेवटचा नको होता, पहिला हवा होता. सुरुवातीलाच विहिरीवर जाऊन पहिलं पाणी आणि अर्ध्या तासानंतरचं पाणी दोन बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवलं असतं, तर रंग आणि क्रोम या दोन गोष्टी मालकांच्या डोळ्यांसमोरच वेगळ्या झाल्या असत्या. आठ आठवडे त्या एकत्र राहिल्या आणि घट्ट चिकटल्या.

कारखान्याने नंतर विहिरीचा लोखंडी पाइप बदलून पीव्हीसीचा दिला. मालकांचा फोन आला, आवाजात समाधान होतं. "ताई, पाणी एकदम काचेसारखं झालं. आता पुढची तपासणी नसली तरी चालेल." त्या तिमाहीचा आकडा माझ्या टेबलावर होता, ०.०३. मी म्हटलं, येते उद्या, बसून बोलू.